वहिनींनी न चाखलेला पाक

वहिनी, तुम्हाला उद्देशून काही लिहायचं म्हणून सकाळी विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठाला येऊन बसलो. बसलो आणि उठलो. मेथीच्या वाफ्यात पाणी फिरलं का ते पाहून आलो. परत बसलो, तर स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला आणि मी पुन्हा उठलो. आत आई होती. तुम्ही नव्हता. हे मला ठाऊक होतं, तरी उठलो. तुम्ही गेल्यापासून माझं असंच चाललं आहे. एका जागी जीव ठरत नाही.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी कसं लिहितात हे मी कॉलेजात वाचलं आहे. जन्म कुठे झाला, स्वभाव कसा होता, कोणते गुण होते. तुमच्याविषयी तसं लिहायला गेलो तर चार ओळींत संपेल आणि त्यात तुम्ही कुठेच नसाल. म्हणून करवंदांच्या पाकाविषयीच लिहितो. आपलं भांडण राहिलं होतं ते त्याच्यावरच.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी मराठी शाळेत होतो. तुमचे वडील पेठकडे दुकान टाकून राहिलेले, म्हणून तुम्ही त्या डोंगरात वाढलेल्या. आमच्याकडे धिरडी व्हायची ती तिखट, हिरवी मिरची घातलेली. तुम्ही तांदूळ भिजवून, वाटून पांढरी, जाळीदार धिरडी घातलीत आणि वर करवंदांचा पाक सोडलात. तो जाळीतून खाली उतरला आणि ताटलीत जांभळं तळं झालं. आईने आधी नाक मुरडलं. मग म्हणाली, एक आणखी घाल. त्या वर्षीपासून वैशाख आला की आमच्या घरी सगळे तुमच्या हाताकडे बघू लागले.

दादा देवळालीच्या छावणीत कोबी आणि गाजरं पोचवायला जायचा. एकदा तिथल्या एका बंगल्यातल्या खानसाम्याने त्याला साहेबाचं धिरडं दाखवलं. मैद्याचं, अंडं घातलेलं, आणि वर डब्यातला फळाचा पाक. खानसामा मोठ्या ऐटीत सांगत होता की हा पाक विलायतेहून बोटीने येतो. दादाने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तुम्ही चुलीपुढून मान न वळवता म्हणालात, "मंग साहेबाच्या बायकोचं माहेर बी पेठकडचंच असंल." दादा हसून हसून खोकायला लागला. मीही हसलो. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. का येत नाही ते पुढे लिहितो.

पाक करायचा दिवस म्हणजे तुमचा दिवस. त्या दिवशी कोणी मध्ये बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. हाताला गोडं तेल लावून करवंदं निवडायची, कारण त्यांचा चीक बोटांना धरला की दोन दिवस सुटत नाही. कल्हईच्या पातेल्यात थोड्या पाण्यात ती मंद आचेवर ठेवायची. फुटली की पळीने हलकी दाबायची. मग जुन्या लुगड्याचा तुकडा खुंट्यांना बांधून त्यात ओतायची आणि खाली परात. आणि मग काही करायचं नाही. हेच मला जमायचं नाही. मी कापडाला हात लावला रे लावला की तुमची पळी माझ्या मनगटावर. "पिळायचं नाय, भावजी. पिळलं का चीक उतरतो. त्याला यायचं तवा येईल." थेंब थेंब पडत राहायचा आणि तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या. एरवी तुम्ही कधी टेकून बसलेल्या मला आठवत नाही.

रस जमला की साखर, मग पुन्हा चूल. पाक झाला का हे तुम्ही पितळी ताटलीच्या पाठीवर एक थेंब सोडून पाहायच्या. ताटली तिरकी करायची. थेंब सुसाट पळाला तर कच्चा, जागीच बसला तर जास्त झाला, रमतगमत उतरला तर उतरवा. डोळ्यांना कळायचं ते सगळं तुम्हाला कळायचं. जिभेचं काम तेवढं माझ्याकडे होतं. पळी माझ्यापुढे धरून तुम्ही विचारायच्या, "भावजी, सांगा. कसा झालाय?" मी म्हणायचो, छान झालाय. मग खोदून विचारायच्या. मागे कडू येतंय का? जीभ टाळूला चिकटती का? आंबट राहिलाय का? मी सांगायचो, आणि त्यावर तुम्ही आणखी साखर घालायच्या किंवा नुसती मान हलवायच्या.

स्वतः मात्र कधी बोटभरही चाखलं नाही.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी चैत्रात आपण सगळे गडावर देवीला गेलो होतो. पायऱ्यांवर डोंगरातल्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या. आईने एक द्रोण घेऊन तुमच्यापुढे धरला. तुम्ही म्हणालात, "मी नाय खात, आत्या. सोडलंय." देवीच्या दारात ऐकलेलं ते. आईने द्रोण तसाच खाली ठेवला आणि हात जोडले. आपल्या सुनेने नातवासाठी आवडीचं फळ देवीला वाहिलं, हे तिने त्याच पायरीवर ठरवून टाकलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. वाटेत उतरताना आई तुमच्या हाताला धरून चालत होती, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी मनात वेगळंच ठरवलं. त्याच सुमारास दादा आणि आई म्हणत होते की मॅट्रिक झाली की पुरे, मळ्यात माणूस कमी आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि गडावरून आल्यावर काय झालं कोणास ठाऊक, दादा एका सकाळी म्हणाला, जा शिकायला, मोटेचं मी बघतो. मोटेचं तो एकटा बघत नव्हता. माझ्या वाट्याची मोट हाकायची बारी तुम्ही धरायच्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की तुमचं सोडणं माझ्यासाठी आहे. मी बी.ए. होईन त्या दिवशी तुम्ही करवंद तोंडात टाकाल. हे कोणाला सांगितलं नाही, पण पुस्तक उघडलं की ते आठवायचं, आणि कधी कधी त्याचं ओझं व्हायचं. न मागता कोणी आपल्यासाठी काही सोडलं की माणसाला रागही येतो, वहिनी.

त्या रागातूनच मी वाद घालायचो. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागले होते. गेल्या वैशाखात कापडातून रस गळत असताना मी तुम्हाला म्हणालो की तुम्ही सोडलं आहे ते फळ. पाक म्हणजे फळ नव्हे. फळ चुलीवर गेलं, त्याची साल गेली, बी गेली, आकार गेला, त्यात साखर पडली. ती वेगळी वस्तू झाली. तेव्हा पाक खायला हरकत नाही. तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "आन् वास?" मी म्हणालो, वासाचं काय? तुम्ही म्हणालात, "वास तर त्योच ऱ्हातो. तुमच्या पुस्तकात वासाचं काय लिवलंय?" मी म्हणालो, सरांना विचारून सांगतो. तुम्ही म्हणालात, "इचारा. पुढल्या साली बघू."

सरांना मी विचारलं नाही. असलं विचारायची लाज वाटली. एरवीही माझ्या सदऱ्याच्या बाहीवर तुमच्या पाकाचा डाग असायचा आणि वर्गातली मुलं म्हणायची, याची दौत रोज कशी सांडते. मी त्यांना शाईच आहे म्हणायचो. तुम्ही मला धिरड्याची गुंडाळी पळसाच्या पानात बांधून द्यायच्या आणि मी ती आपल्या गंगेच्या काठाने चालत चालत, कॉलेज यायच्या आत संपवायचो. ती चव मला कोणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो.

पुढचं साल आलं. माझी परीक्षा संपली आणि तुम्हाला ताप भरला. आधी सगळ्यांना उन्हाचा वाटला. मग वैद्य आले, मग डॉक्टर टांग्यातून आले. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मी कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत असताना तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "बाजारात करवंदं आली का?" मी म्हणालो, अजून नाही, येतील. आली होती, वहिनी. मला वाटलं, आली म्हटलं तर तुम्ही उठून बसाल. तुम्ही बऱ्या झाल्यावर टोपलीच आणीन असा मनात बेत केला होता.

आता तुमच्या तेराव्याची गोष्ट.

आदल्या दिवशी आईने विचारलं, पानात काय काय वाढायचं. तुमच्या आवडीचं वाढायचं तर तुम्हाला काय आवडायचं, हेच कोणाला नक्की सांगता येईना. तुम्ही सगळ्यांना वाढून उरेल ते खायच्या आणि आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. आई म्हणाली, लाडू करू. मी म्हणालो, धिरडी आणि करवंदांचा पाक. आईने माझ्याकडे पाहिलं. "देवीला सोडलेलं पानात वाढायचं नाय. जित्तेपणी पाळलं तिनं, मेल्यावर आपन मोडायचं का?" तिचे डोळे भरले होते. नातवाचं तोंड पाहण्यासाठी सुनेने जे पाळलं त्याचा मान तिला राखायचा होता. मला तिच्याशी वाद घालता येईना. पण गप्पही बसवेना. तुम्ही एवढी वर्षं जे दुसऱ्यांच्या जिभेवर घातलं ते तुमच्या पानात एकदाही पडू नये, हे मला सहन होईना. मी टोपली घेतली आणि गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेलो.

तुम्ही जिच्याकडून घ्यायच्या ती डोंगरातली बाई नेहमीच्या जागी बसली होती. तिने टोपली ओळखली, मला नाही. म्हणाली, बाई नाही आली यंदा? मी सांगितलं. तिने हातातलं माप करवंदांतच ठेवून दिलं. मग ती आपणहून सांगू लागली. तुम्ही दर वर्षी तिच्यापाशी खूप वेळ बसायच्या म्हणे. कोणत्या उतारावर यंदा करवंदं जास्त आली, खालच्या ओढ्याला पाणी आहे का, तुमच्या दुकानाच्या जागेवर आता कोण राहतं, हे सगळं विचारायच्या. तिने कितीदा तरी एक करवंद पुढे केलं, पण तुम्ही घेतलं नाही. मी म्हणालो, देवीला सोडलं होतं त्यांनी. ती म्हणाली, "देवीला? नाय रे दादा. ती म्हनायची, खाल्लं का घर याद येतं, मंग इथं जीव लागत नाय."

मी करवंदं घेऊन नदीचा घाट चढलो आणि वर येऊन तसाच उभा राहिलो. पुढे जावं की मागे हेही कळेना. तुमचे वडील वारले, दुकान मोडलं, तुमचा भाऊ मुंबईला गिरणीत गेला. तुम्हाला जायला माहेर उरलं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावर तुम्ही काय केलंत हे आम्ही विचारलंच नाही. आईला वाटलं नातवासाठी, मला वाटलं माझ्या परीक्षेसाठी. एका फळाभोवती आम्ही सगळे आपापली इच्छा गुंडाळून बसलो होतो. साहेबाच्या बायकोच्या माहेराची थट्टा केलीत तेव्हाही तुम्ही चुलीकडेच बघत होता. ते वाक्य आठवलं की मला हसू का येत नाही, ते आता लिहिलं.

आणि वास? वास तर तोच राहतो, असं तुम्हीच म्हणाला होता. मग भिंतीला टेकून दिवसभर त्या वासात बसायच्या त्या कशासाठी? मला एवढंच वाटतं की वर्षातला तो एक दिवस तुम्ही घरी जाऊन यायच्या. मी तेव्हा समोर बसून तर्कशास्त्र सांगत होतो.

मळ्यात आलो तर दादा मोटेपाशी एकटाच होता. बैल सोडलेले. मी त्याला बाईचं बोलणं सांगितलं. मला वाटलं त्याला धक्का बसेल. तो मोट ओढायच्या नाड्याचा पीळ चाचपत म्हणाला, "मला ठाऊक हाय."

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात त्याने तुमच्यासाठी बाजारातून करवंदं आणली होती. खुशीने आणली होती. तुम्ही एक तोंडात टाकलंत आणि रडायला लागलात. थांबेचनात. दादा म्हणाला, "मला काय करावं ते कळंना. मी म्हनलो, रडू येत असंल तर खाऊ नको. ती म्हनली, बरं, नाय खानार. बस. तिथून पुढं नाय खाल्लं तिनं."

मी विचारलं, मग गडावर आईने नवस समजून घेतला तेव्हा तू का बोलला नाहीस? दादाने माझ्याकडे पाहिलं, मी अजून लहान असल्यासारखं. "आई तवा तिला पोरावरून रोज बोलायची. इसरला का? गडावरून आल्यावर बोलायची थांबली. देवीचं मानूस झाली ना ती." मग नाडा खाली ठेवत म्हणाला, "आमी दोघांनी ठरवलं, ऱ्हाऊ दे तसंच."

तुम्ही दोघांनी ठरवलं. एवढी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता की तुम्ही आणि दादा मिळून काही ठरवता. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बरं जास्त वाटलं.

पाक मीच केला. दादाने करवंदं निवडली, तेलाचा हात लावायचा विसरून, आणि त्याची बोटं अजून चिकट आहेत. कापड तुम्ही धुऊन घडी करून ठेवलेलं होतं, जांभळं पडलेलं. खुंट्यांना बांधलं. रस ओतला. थेंब पडू लागले आणि मला बसवेना. आत गेलो, बाहेर आलो, परातीत वाकून पाहिलं. रस जेमतेम तळाला लागला होता. शेवटी मी कापड पिळलं. मनगटावर पळी आली नाही.

तेराव्याला माणसं जेवायला यायच्या आधी आईने तुमच्या नावाचं पान मांडलं. लाडू वाढले, भात वाढला, भाजी वाढली. मी सकाळी घातलेलं धिरडं पानाच्या कडेला ठेवलं आणि पाकाची वाटी हातात घेऊन उभा राहिलो. आईने माझा हात धरला. ती चिडलेली नव्हती. तिला भीती वाटत होती. आता मी काय करावं ते मला कळत नव्हतं. खरं सांगितलं तर तिची इतक्या वर्षांची समजूत मोडणार, आणि नाही सांगितलं तर तुमचं पान तसंच राहणार.

दादा पुढे आला आणि त्याने माझ्या हातातून वाटी घेतली. तो म्हणाला, "आई, शब्द देवीला नव्हता. मला दिला होता तिनं. माझा शब्द हाय, मी सोडवतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिला किती कळलं आणि किती नाही, मला सांगता येणार नाही. पण तिने माझा हात सोडला. दादा वाकून पाक घालणार तोच ती म्हणाली, "थांब. ते गार झालंय. गार धिरड्यात पाक उतरत नाय." ती स्वयंपाकघरात गेली. तवा टाकल्याचा आवाज आला. माणसं ओट्यावर खोळंबली होती, कोणीतरी उशिराबद्दल कुरकुरलंही, पण ती उठली नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासारखं पांढरं धिरडं घातलं. जाळी कमी पडली, एक कड फाटली. गरम गरम आणून तिने ते तुमच्या पानात ठेवलं आणि दादाने वर पाक सोडला. तो हळूहळू खाली उतरला.

वहिनी, माझा निकाल अजून लागायचा आहे. लागेल तो लागेल. त्याचं ओझं आता तुमच्याकडे नाही, माझ्याकडेच आहे, आणि त्यामुळे ते हलकं झालं असं मात्र नाही. मी अजून उठतो आहे आणि बसतो आहे. हे लिहिता लिहिताही एकदा वाफ्याला पाणी फोडून आलो.

उरलेला पाक बाटलीत भरून ठेवला आहे. बाटली उन्हात धरली की रंग बरोबर दिसतो. ताटलीच्या पाठीवरचा थेंबही रमतगमत उतरला. पण मी पिळलं होतं, तेव्हा चीक उतरला असणार. मला जीभ टाळूला धरल्यासारखी वाटते, दादा म्हणतो तसं काही नाही, आणि आई म्हणते तिला कळत नाही. आमच्यात कोणालाच नक्की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी चाखून तुम्हाला सांगत आलो. यंदा तो तुमच्या पानात पडला आहे, आणि आता तुम्हाला कोणाच्या शब्दाची अडचण नाही. म्हणून विचारतो.

वहिनी, सांगा. कसा झालाय?